ज्वारीच्या बियाचा करार: मराठवाडा आणि इथिओपिया यांच्यातल्या एका संशोधन भागीदारीचा प्रकरण अभ्यास

संस्था, गावं आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं काढून टाकली आहेत. या प्रकल्पाच्या सल्लागार समितीवर मी होतो. निर्णय माझे नव्हते, पण बहुतेक बैठकांना हजर होतो आणि करारांचे मसुदे माझ्या हाताखालून गेले.

पार्श्वभूमी

युरोपातल्या एका विद्यापीठात पूर्व आफ्रिकेचा अभ्यास करणारं केंद्र आहे. एक प्रदेश धरायचा, तिथल्या दोन-तीन विद्यापीठांशी करार करायचे आणि भाषेपासून शेतीपर्यंत सगळे विषय त्या प्रदेशाभोवती बांधायचे, अशी या केंद्राची पद्धत. त्यांचा भर इथिओपियावर. २०२२ मध्ये त्यांनी तिथल्या एका विद्यापीठासोबत कोरडवाहू ज्वारीवर प्रस्ताव तयार केला. निधी देणाऱ्या संस्थेची अट होती की तुलनेसाठी आफ्रिकेबाहेरचाही एक कोरडवाहू प्रदेश हवा. मराठवाडा या प्रकल्पात आला तो हा रकाना भरण्यासाठी. पुढची निम्मी भांडणं या एका गोष्टीतून निघाली.

तुलना मात्र ओढूनताणून आणलेली नव्हती. ज्वारी मूळची ईशान्य आफ्रिकेतली, तिथून काही हजार वर्षांपूर्वी आपल्याकडे आली. गच्च कणसाची, टपोऱ्या दाण्याची जी 'दुर्रा' ज्वारी इथिओपियात पिकते, तिच्याच वंशातली आपली रब्बीची ज्वारी, मालदांडीसकट. पाणी तुटलं तरी दाणा भरेपर्यंत ताट हिरवं ठेवण्याचा गुण जगभरचे पैदासकार ज्या 'बी-३५' वाणातून घेतात, तो वाणही इथिओपियाच्या एका देशी ज्वारीतूनच निघाला.

आपल्याकडचा भागीदार म्हणजे बालाघाटच्या पट्ट्यातलं एक अनुदानित महाविद्यालय. तिथल्या वनस्पतीशास्त्राच्या मॅडमनी कितीतरी वर्षं बीड आणि धाराशिवच्या गावांतून देशी ज्वारीचं बी गोळा केलं होतं. हुरड्याची गूळभेंडी, दूधमोगरा, लाह्यांची ज्वारी, काही बिननावाची. प्रत्येक पुडीवर गाव, शेतकरी, रानाचा प्रकार आणि 'भाकरी कशी होते' एवढा एक शेरा. कपाट प्रयोगशाळेतलंच, त्याला कुलूपसुद्धा नव्हतं. युरोपच्या केंद्राला हे कपाट एका शोधनिबंधातून कळलं आणि पत्रव्यवहार सुरू झाला.

उद्घाटनाच्या ऑनलाइन कार्यक्रमात प्राचार्यांनी मलिक अंबरवर लांबलचक भाषण केलं. इथिओपियात जन्मलेला माणूस निजामशाहीचा कारभारी होतो, १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवतो, तिला नहरीचं पाणी आणतो. इथिओपियाच्या पाहुण्यांना ते मनापासून आवडलं. युरोपच्या समन्वयकांनी तेवढ्या वेळात आपली पुढची स्लाइड तयार ठेवली.

अडचण

पहिली अडचण हंगामाची होती आणि ती कोणालाच अडचण वाटली नाही. प्रस्तावात 'शेतातलं काम: जून ते ऑक्टोबर' असं छापलेलं होतं. इथिओपियाचा मुख्य पाऊस जून ते सप्टेंबर, तिथे ते बरोबर. आपल्याकडची जी ज्वारी अभ्यासायची होती ती रब्बीची. पाऊस सरला की सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबरचा मध्य या काळात पेरायची आणि काळ्या रानात साठलेल्या ओलीवर फेब्रुवारी-मार्चपर्यंत आणायची. तिथली ज्वारी पडत्या पावसावर वाढते, इथली जमिनीतल्या उतरत्या ओलीवर. म्हणजे दोन्हीकडचा 'दुष्काळताण' हीच मुळात वेगळी चीज. मॅडमनी हे पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. उत्तर आलं, की मंजूर प्रस्तावातल्या तारखा बदलायला वेळ लागेल.

दुसरी अडचण पैशाची. महाविद्यालय चालवणाऱ्या शिक्षण संस्थेकडे परदेशी देणगीच्या कायद्याखालची नोंदणी नव्हती. संस्थेच्या सचिवांच्या ओळखीच्या एका स्वयंसेवी संस्थेकडे होती. "पैसे त्यांच्याकडे येऊ द्या, ते आपल्याकडे वळवतील," असं त्यांचं म्हणणं. आधी असं चालायचंही. २०२० च्या दुरुस्तीनंतर मात्र परदेशी देणगी घेतलेल्या संस्थेने ती दुसऱ्या कुणाला हस्तांतरित करण्यावर बंदी आली.

तिसरी आणि सगळ्यांत मोठी अडचण बियाची. सामंजस्य कराराच्या मसुद्यात एक साधंसं वाक्य होतं: सर्व भागीदारांकडचे बियाणांचे नमुने जनुकीय विश्लेषणासाठी युरोपच्या प्रयोगशाळेत पाठवले जातील. लिहिणाऱ्याच्या मनात काही काळंबेरं असेल असं मला वाटत नाही. यंत्रं तिथे होती, एवढाच विचार. पण जैवविविधता कायदा, २००२ नुसार परदेशी व्यक्तीला किंवा संस्थेला भारतातली जैविक संपत्ती संशोधनासाठी घ्यायची तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची आधी परवानगी लागते. शिवाय बियाणं देशाबाहेर जाण्याची वाट दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोमधून जाते. महाविद्यालयाच्या कार्यालयाने यांपैकी एकालाही कधी पत्र लिहिलेलं नव्हतं.

हा प्रश्न कागदावरून रानात आला जानेवारी २०२३ मध्ये. युरोपच्या समन्वयक बाई भेटीला आल्या होत्या. हुरड्याचे दिवस, एका गावात आगटी पेटवलेली. ज्यांच्या घरातून मॅडमना गूळभेंडीचं बी मिळालं होतं त्या आजींनी पाहुणीला पोटभर खायला घातलं आणि निघताना दोन भरलेली कणसं पुढे केली. "येवढ्या लांबून आलेत, रिकाम्या हातानं कामून जायचं?" पाहुणीने आनंदाने ती पिशवीत ठेवली. मॅडमनी सगळ्यांसमोर ती परत मागून घेतली.

वातावरण एकदम अवघडलं. आजींना वाटलं आपलं काही चुकलं, पाहुणीला वाटलं आपल्यावर संशय घेतला. परतीच्या जीपमध्ये मॅडमनी समजावलं, की हुरडा खाऊन जाण्याला कसलीच हरकत नाही, पण तेच कणीस प्रयोगशाळेसाठी नेलं तर कायद्याच्या नजरेत ती वेगळी गोष्ट होते, आणि गोत्यात येईल ते महाविद्यालय. माझ्या मते या प्रकल्पातला सगळ्यांत महत्त्वाचा निर्णय हा होता आणि तो कुठल्याही बैठकीत झाला नाही. गाडीत बसण्यापूर्वी आजींना दोन शब्द सांगायला हवे होते, ते राहून गेलं. ते पुढे महागात पडलं.

कोणते पर्याय होते

पुढचे दोन-तीन महिने बियावर खल झाला. युरोपच्या विद्यापीठाच्या कायदा विभागाचा युक्तिवाद असा: ज्वारी ही अन्नपिकांच्या आनुवंशिक संपत्तीविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, भारत त्या कराराचा सदस्य आहे, तेव्हा नेहमीच्या साहित्य-हस्तांतरण करारावर बी मिळायला हवं. ऐकायला हे बिनतोड वाटतं. पण त्या कराराची सामायिक व्यवस्था सरकारच्या ताब्यातल्या आणि सार्वजनिक नमुन्यांपुरती आहे. आजींच्या गाडग्यात राखेत ठेवलेलं बी त्यात आपोआप येत नाही. मॅडमच्या कपाटातल्या पुड्यांचं काय, यावर दोन वकिलांची दोन मतं पडली.

रीतसर अर्ज करून थांबणं हा सरळ मार्ग होता. त्यात पेरणीचा हंगाम हातचा जाईल अशी भीती होती. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांत बसणाऱ्या, मान्यता मिळालेल्या सहकारी प्रकल्पांना कायद्यात सूट आहे, पण ती मान्यता मिळवणं म्हणजे आणखी मोठी फाइल. तिसरी सूचना माझी होती: गावचं बी हलवायचंच नाही. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांवरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेची बीजपेढी आहे. १९७२ पासूनची ही संस्था, तिच्याकडे आफ्रिका आणि भारत दोन्हीकडचे ज्वारीचे हजारो नमुने आंतरराष्ट्रीय व्यवस्थेखाली जपलेले आहेत. प्रयोगशाळेला हवे ते तिथून मागवावेत. यावर युरोपकडून रास्त आक्षेप आला, की बीजपेढीतला नमुना कित्येक वर्षांपूर्वी थंडीत गेलेला असतो आणि गावातलं बी दर वर्षी पेरलं जाऊन बदलत राहतं. प्रकल्पाचा प्रश्नच तर तो होता.

कोंडी फुटली ती इथिओपियाकडून, आणि हे कोणाच्याच अपेक्षेत नव्हतं. तिथले ज्येष्ठ शास्त्रज्ञ तोवर बैठकांत फारसं बोलत नसत. एका बैठकीत त्यांनी टेफची गोष्ट सांगितली. टेफ हे त्यांचं मुख्य धान्य, त्यांची आंबोळीसारखी पोळी, इंजेरा, त्याचीच होते. २००५ मध्ये त्यांच्या देशाने एका डच कंपनीशी टेफच्या वापराचा करार केला. लाभाची वाटणी कागदावर छान होती. पुढे कंपनी बुडाली, टेफच्या पिठावरचं पेटंट मात्र दुसऱ्यांच्या हातात शिल्लक राहिलं आणि ते रद्द व्हायला २०१८ मध्ये हेगच्या न्यायालयाचा निकाल यावा लागला. "आमच्या देशातही २००६ चा कायदा आहे," ते म्हणाले, "आणि आमचंही बी आम्ही पाठवणार नाही. मसुदा आला तेव्हाच बोलायला हवं होतं. पैसे त्यांच्याकडून येत होते म्हणून गप्प बसलो."

दोन्ही टोकांचे भागीदार एका बाजूला आणि पैसे देणारं मधलं विद्यापीठ दुसऱ्या बाजूला, असं चित्र झाल्यावर मसुदा बदलायला फार दिवस लागले नाहीत. मराठवाडा आणि इथिओपिया तोवर एकमेकांशी थेट बोललेच नव्हते. सगळी पत्रं युरोपमार्गे जायची.

काय ठरलं, काय केलं

नव्या करारात बी जागचं हलणार नव्हतं. दोन्हीकडे आपापल्या बियाचे प्रयोग, मोजमापाची पद्धत मात्र एकच: उगवण, फुलोऱ्याचा दिवस, जमिनीची ओल किती खोलीवर किती, शेवटी हिरवी राहिलेली पानं, दाण्याचं आणि कडब्याचं वजन. इकडे खोडमाशी आणि खडखड्या रोगाच्या नोंदी जादा, तिकडे स्ट्रायगा या ज्वारीच्या मुळांवर जगणाऱ्या तणाच्या. आपल्या ज्वारीचा हंगाम 'सप्टेंबर ते मार्च' असा दुरुस्त झाला. पानांच्या नमुन्यांची जनुकीय तपासणी हैदराबादच्या प्रयोगशाळेत करून घ्यायची, शोधनिबंध एकत्र लिहायचा आणि कच्च्या माहितीच्या फायली परवानगीशिवाय बाहेर द्यायच्या नाहीत, कारण संशोधनाचे निष्कर्ष परदेशी व्यक्तीला देण्यावरही जैवविविधता कायद्याचीच अट आहे.

पैशाच्या बाबतीत मॅडमनी सचिवांची वाट नाकारली. संस्थेत त्यावरून बराच ताण झाला, "आलेली लक्ष्मी" वगैरे बोलणं झालं. शेवटी महाविद्यालयाने परदेशी निधी घेतलाच नाही. फक्त आपल्याकडच्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला युरोपच्या विद्यापीठाने थेट शिष्यवृत्ती दिली, शिष्यवृत्ती परदेशी देणगीच्या कायद्यातून वगळलेली असल्यामुळे. याचा दुसरा अर्थ असा, की शेतावरच्या मजुरीपासून जीपच्या डिझेलपर्यंतचा खर्च आपल्याकडच्या विद्यापीठाच्या एका छोट्या अनुदानातून आणि मॅडमच्या पदरातून झाला. निर्णय बरोबर होता, पण त्याचा भार एका माणसावर पडला.

गावात परत जाणं सोपं गेलं नाही. कणसं परत मागितल्याची गोष्ट फिरता फिरता 'कॉलेजवाले आपलं बी विकायलेत' इथपर्यंत पोचली होती. ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती होती, पण सदस्यांपैकी दोघांना आपण सदस्य आहोत हेच माहीत नव्हतं. मारुतीच्या देवळात बैठक झाली. लोकांनी विचारलं ते कायद्याबद्दल नव्हतं. त्यांना हवं होतं, की जे काय निघेल ते मराठीत, पुढच्या पेरणीच्या आधी, याच देवळात येऊन सांगा. आजींच्या मुलाने आणखी एक अट घातली: बियाच्या नोंदीत त्याच्या आईचं नाव पाहिजे. लोक जैवविविधता नोंदवहीत ती नोंद झाली, आणि करारातही 'मराठी अहवाल, सप्टेंबरच्या आत' अशी ओळ आली. इंग्रजी शोधनिबंधासाठी तारीख ठरलेली होतीच. गावासाठी ठरली ती पहिल्यांदाच.

ऑगस्ट २०२३ नंतर

ऑगस्टमध्ये इथिओपियाच्या अम्हारा प्रदेशात आणीबाणी लागली आणि इंटरनेट बंद झालं. आपला भागीदार त्याच भागातला. त्यांच्याकडून एक ओळही येईना. युरोपच्या केंद्राने काही आठवड्यांत सुचवलं, की केनियातलं एक विद्यापीठ तयार आहे, इथिओपियाऐवजी ते घेऊ. निधी देणाऱ्यांना आकडे हवे होते, त्यामुळे सूचना अगदीच वावगी नव्हती. मॅडमनी ठाम नकार दिला. त्यांच्या नकारात थोडा स्वार्थ होता हे त्या स्वतःच मान्य करतात: बियाच्या वादात ज्यांनी बाजू घेतली ते निघून गेले असते तर त्या एकट्या पडल्या असत्या. पण दुसरंही कारण होतं. इथिओपियातलं पीक तेव्हा रानात उभं होतं आणि तिथली माणसं नेट नसलं तरी शेतावर जात असणार, असा त्यांचा अंदाज होता. मुदत एक वर्षाने वाढवायची, जादा पैसे नाहीत, आणि इथिओपियाच्या विद्यापीठातल्या सहायकांचे पगार थांबवायचे नाहीत, यावर तडजोड झाली.

त्याच वर्षी मराठवाड्यातही पावसाने दगा दिला. ऑक्टोबरच्या शेवटी राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत मराठवाड्यातले बरेच होते. काही रानांत पेरणीपुरतीसुद्धा ओल नव्हती. ठरवलेल्यांपैकी कित्येक प्रयोग पेरलेच गेले नाहीत, उरलेल्यांत ताटं गुडघ्याच्या वर जाईनात. त्या सुमारास युरोपातून पत्र आलं, की ताणाच्या अभ्यासासाठी हे वर्ष फार चांगलं आहे. शास्त्राच्या बाजूने ते खरंही होतं. मॅडमनी त्या पत्राला उत्तर दिलं नाही. विद्यार्थ्याने दिलं: गावाला टँकर सुरू झाल्याचा फोटो.

खरी कसोटी कापणीला लागली. मोजमापाच्या पद्धतीनुसार ठरावीक ओळींतली सगळी ताटं मुळासकट उपटून महाविद्यालयात न्यायची आणि भट्टीत वाळवून वजन घ्यायचं होतं. दुष्काळात कडब्याची पेंढी म्हणजे नगद पैसा. एक शेतकरी बांधावर उभा राहून म्हणाला, "मॅडम, तुमच्या भट्टीत घालण्यापरास माझ्या म्हशीपुढं टाका की, ती पन वजन करूनच खाती." सगळे हसले, पण तो मागे हटणार नव्हता. विद्यार्थ्याने जागेवरच पद्धत बदलली: ताटं रानातच ताणकाट्यावर मोजायची, ओलावा काढायला दोन-चार ताटांचे तुकडे पिशवीत घ्यायचे आणि बाकीचा कडबा धन्याच्या हवाली. अचूकता थोडी घटली. पद्धत कुणाला न विचारता बदलली म्हणून युरोपातून तक्रार आली. नेट परतल्यावर इथिओपियाचं पत्र आलं, तेव्हा कळलं की त्यांनीही हेच केलं होतं, त्यांच्याकडेही ज्वारीची ताटं चाऱ्याला आणि जळणाला लागतात. मग तीच अधिकृत पद्धत ठरली.

परिणाम

इथिओपियाच्या नोंदी वह्यांत होत्या, पेनने लिहिलेल्या. त्यांचे फोटो एकेक करून आले. सगळ्या ठिकाणच्या नव्हत्या, पण जुळवता येण्याजोग्या होत्या. संयुक्त शोधनिबंध उशिरा गेला. त्यात पहिली दोन नावं दोन विद्यार्थ्यांची, एक इथलं, एक तिथलं. निष्कर्ष माफक आहेत: ओल कमी असलेल्या भरड रानात काही गावरान वाण सुधारित वाणाच्या बरोबरीने दाणा देतात, कडबा जास्त देतात, पण खडखड्या लागून आडवे पडण्याचं प्रमाण त्यांतल्या काहींत जास्त दिसलं. एका दुष्काळी हंगामावरून यापलीकडे बोलू नये असं समितीचं मत पडलं आणि विद्यार्थ्याला ते पटलं नाही.

गावातला मराठी अहवाल २०२४ च्या पेरणीआधी देवळात वाचला गेला. ठरलेल्या तारखेला झालेली प्रकल्पातली ही बहुधा एकमेव गोष्ट.

युरोपच्या अंतिम अहवालात मराठवाड्याच्या नावापुढे 'नमुने: अप्राप्त' असा शेरा आहे. विद्यार्थ्याची पीएच.डी. लांबली, मधल्या काळात सेट परीक्षा पास झालेले त्याचे मित्र नोकरीला लागले. मॅडमना बढतीच्या गुणांकनात या प्रकल्पाचे गुण मिळाले नाहीत, कारण महाविद्यालयाच्या खात्यावर परदेशी निधी जमाच झाला नव्हता.

वेगळं काय करता आलं असतं

मराठवाडा आणि इथिओपिया यांनी पहिल्या महिन्यातच थेट बोलायला हवं होतं, तिसरा कोणी नसताना. बियाबद्दलचं मत दोघांचं आधीपासून एकच होतं. एका फोनवर जे कळलं असतं त्यासाठी मसुद्यांचे महिने गेले. यात वेळेच्या फरकाचा अडसर नव्हता, अडीच तासांचा तर फरक. अडसर सवयीचा होता: पैसे देणारा मध्यस्थ असला की दोन्ही बाजू त्याच्याकडेच तोंड करून बसतात.

प्राधिकरणाकडे अर्ज मात्र करायला हवा होता असं मी आजही म्हणतो. बी न पाठवण्याचा निर्णय योग्य धरला, तरी अर्ज करून ठेवला असता तर दुसऱ्या टप्प्यापर्यंत काहीतरी उत्तर हातात असतं. मॅडमचं मत वेगळं आहे. त्यांच्या मते मिळालेली परवानगी हा दबाव ठरला असता: 'आता तर परवानगीही आहे, मग पाठवा.' त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, हे टेफच्या गोष्टीनंतर नाकारता येत नाही.

कडब्याचा मुद्दा आराखड्यातच यायला हवा होता. ज्वारीच्या पिकात दाण्याइतकीच किंमत कडब्याची, हे इथल्या आणि तिथल्या दोन्ही विद्यार्थ्यांना घरूनच माहीत होतं. आराखडा लिहिताना त्यांना कुणी विचारलं नाही.

तारखांचंही तसंच. आपलं आर्थिक वर्ष मार्चमध्ये संपतं, युरोपच्या विद्यापीठाचं डिसेंबरमध्ये, इथिओपियाचं जुलैच्या पहिल्या आठवड्यात, आणि त्यांची दिनदर्शिका आपल्यापेक्षा सात-आठ वर्षं मागे चालते. 'वर्षअखेरचा अहवाल' म्हणजे नेमका कधीचा, यावर तीनही कार्यालयांत जी पत्रं गेली त्यांचा वेगळा अभ्यास होईल. एक साधा तक्ता पहिल्या पानावर लावला असता तर भागलं असतं.

कपाटातल्या पुड्यांचा प्रश्न अजून तसाच आहे. त्या मॅडमच्या, महाविद्यालयाच्या की गावांच्या? मॅडम निवृत्तीला आल्या आहेत. गावांनी बी परत मागितलेलं नाही, पण आजींच्या मुलाने यंदा थोडं मागून नेलं, कारण दुष्काळात त्याच्या घरचं बी खाण्यात गेलं होतं. त्याची नोंद कुठे करायची हे कुणाला ठरवता आलं नाही म्हणून विद्यार्थ्याने ती पुडीवरच पेन्सिलीने केली. कपाटाला आता कुलूप आहे, दोन किल्ल्यांपैकी एक सरपंचांकडे द्यावी का यावर संस्थेत पत्रव्यवहार चालू आहे.

दुसऱ्या टप्प्याचा मसुदा आला आहे. या वेळी तो इथिओपियाच्या विद्यापीठाने लिहिला आहे आणि आपल्याकडे थेट पाठवला आहे. बियाचं कलम त्यात दोन पानांचं आहे, निधीच्या रकान्यात महाविद्यालयापुढे अजून काहीच लिहिलेलं नाही.